सॉफ्टबॉल खेळणारी मुलगी पुढे काय करते?



पावसाळा सुरू झाला की आपल्या सोलापुरात शालेय क्रीडास्पर्धांची गडबड सुरू होते. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांच्याबरोबर यादीत सॉफ्टबॉल हेही नाव असते. मुलगी शाळेतून येते आणि उंबऱ्यातूनच सांगते, 'आई, सरांनी मला पिचर केलं.' आई विड्या वळता वळता मान डोलावते. पिचर म्हणजे काय, हे त्या माउलीला ठाऊक नसते. बाप कारखान्यातून आल्यावर विचारतो, 'त्याचे मार्क मिळतात का?'

पुष्कळ शिकलेली मंडळी या प्रश्नाला हसतात. आम्ही हसत नाही. आमचा जन्म जमाखर्चाच्या वह्यांत गेला आहे. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेला डबे खडखडू लागतात, त्या घराने मुलीचा वेळ कुठे खर्ची पडतो हे विचारलेच पाहिजे. मात्र मार्कांपाशी थांबू नये, एवढेच आमचे म्हणणे. मार्क दहावी-बारावीला उपयोगी पडतात. त्यापुढे चेंडू टाकणाऱ्या मुलीचे काय होते? तिच्या हातातली ती कला कुठल्या संस्थेला लागते का? त्यावर तिचे पोट चालू शकते का? याचे उत्तर शोधताना आम्हाला दूर अमेरिकेतल्या एका बाईचे चरित्र सापडले. लिसा फर्नांडिस हे त्यांचे नाव. आधी पिचर आणि मग विद्यापीठाच्या संघाच्या प्रशिक्षक, असा त्यांचा प्रवास आहे.

आधी खेळाची ओळख करून घेऊ. सॉफ्टबॉल हे बेसबॉलचे धाकटे भावंड. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात एका बोट क्लबात जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि बंद सभागृहातच खेळ मांडला. तोच हा खेळ. आपल्या भारतात त्याची राष्ट्रीय संघटना १९६१ साली जोधपूर येथे स्थापन झाली. एका बाजूला नऊ खेळाडू, सात इनिंगचा सामना. प्रत्येक इनिंगमध्ये तीन गडी बाद, म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्या संघाचे एकवीस गडी बाद करायचे. हा एकवीसचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

नाव सॉफ्टबॉल असले तरी चेंडू मऊ नसतो. क्रिकेटच्या चेंडूचा घेर साधारण नऊ इंच, याचा बारा इंच. तो मुलीच्या तळव्यात पुरता मावतही नाही. पिचरने तो हात खाली ठेवून टाकायचा, खांद्यावरून नाही. हात मात्र पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण गोल फिरवायचा आणि मांडीजवळ आला की मनगटाच्या झटक्याने सोडायचा. क्रिकेटमध्ये दोन यष्ट्यांमधले अंतर ६६ फूट, इथे पिचर आणि फलंदाज यांच्यात आता ४३ फूट. उत्तम महिला पिचर ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने चेंडू टाकते. म्हणजे चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजाला अर्धा सेकंदही मिळत नाही. त्यातून कोणता चेंडू वर उसळतो, कोणता खाली बुडतो, तर कोणता त्याच हाताच्या फिरकीतून निघूनही मुद्दाम हळू येतो. खालून टाकलेला चेंडू म्हणजे पोरखेळ, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा बॅट घेऊन उभे राहावे.

लिसा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९७१ चा. कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजलिसजवळ लेकवूड नावाचे गाव आहे, तिथे त्या वाढल्या. वडील क्युबातून आलेले, आई पोर्तो रिकोची. दोघांच्याही घरची भाषा स्पॅनिश. वडील क्युबात असताना बेसबॉल खेळलेले, आईलाही चेंडू-बॅटीचा नाद. म्हणजे घरात खेळाला नाक मुरडणारे कोणी नव्हते, हे पोरीचे भाग्य.

परंतु सुरुवात कशी झाली पाहा. आठ वर्षांच्या असताना त्या पहिल्यांदा पिचर म्हणून उभ्या राहिल्या. चेंडू कुठेच्या कुठे जाई. फलंदाज मुलींना फुकटचे बेस मिळत गेले, कित्येकींच्या अंगावर चेंडू आदळले. सामना २८-० असा हरला! आपल्याकडे असे झाले असते तर दुसऱ्या दिवशी सरांनी तिला राखीव खेळाडूंत बसवले असते, आणि घरी 'सांगितले होते ना' हे वाक्य तयारच असते.

पुढे बाराव्या वर्षी पिचिंग शिकवणाऱ्या एका जाणकाराने त्यांना पाहिले आणि निदान केले, की या मुलीची शरीरयष्टी या कामाची नाही, हात पुरेसे लांब नाहीत, सोळाव्या वर्षापुढे ही टिकणार नाही. मुलगी रडली. तिच्या आईने तिला सांगितले, की तुला काय जमणार नाही हे दुसऱ्या कोणाला ठरवू देऊ नकोस. माणसाच्या जन्मजात अंगावर बोट ठेवून 'हे तुझे काम नव्हे' असे सांगणारे आपल्या समाजाला काही नवीन नाहीत. फरक एवढाच, की तिथे शिक्षक बदलता आला.

सेंट जोसेफ या मुलींच्या हायस्कुलात असताना त्यांनी काय केले याची नोंद आहे. ६९ सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. ३७ सामन्यांत एकाही फलंदाजाला फटका मारून बेस गाठता आला नाही. आणि १२ सामने तर असे, की समोरची एकही मुलगी कोणत्याही मार्गाने पहिल्या बेसपर्यंत पोहोचली नाही. याला तिकडे परफेक्ट गेम म्हणतात. लांब हातांच्या पुष्कळ पिचरांना आयुष्यात असा एकही सामना मिळत नाही.

१९८९ साली त्या हायस्कूल संपवून लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाल्या. या विद्यापीठाला यूसीएलए म्हणतात. इथे गोष्ट जरा थांबवून एक हिशेब मांडायला हवा, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. अमेरिकेत विद्यापीठाचा संघ म्हणजे आपल्याकडच्यासारखा चार दिवस आधी जमवलेला नऊ-दहा मुलींचा घोळका नव्हे. चांगल्या खेळाडूला विद्यापीठ शिष्यवृत्ती देते, वर्षभर सराव, साहित्य, डॉक्टर, प्रवास पाहते, आणि पगारी प्रशिक्षक नेमते. मुलांच्या बाबतीत हे फार जुने. मुलींच्या बाबतीत ते कोणाच्या चांगुलपणातून आलेले नाही, कायद्याने आलेले आहे.

२३ जून १९७२ रोजी तिथे शिक्षणविषयक कायद्यात एक कलम आले. टायटल नाइन या नावाने ते ओळखले जाते. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ लिंगावरून कोणाला वगळता येणार नाही, असा त्याचा मतलब. इंग्रजीत अवघे सदतीस शब्द. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. ते घडवून आणणाऱ्यांत हवाई बेटांतून निवडून आलेल्या पॅट्सी मिंक या जपानी वंशाच्या बाई होत्या. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण बाई म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी दार लावले. तेव्हा त्या वकील झाल्या आणि पुढे संसदेत गेल्या. २००२ साली त्यांच्या निधनानंतर या कलमाला त्यांचेच नाव देण्यात आले.

परिणाम आकड्यांत पाहावा. कलम आले त्या १९७१-७२ सालात अमेरिकेतील हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांपेक्षा कमी होत्या, मुलगे छत्तीस लाखांहून जास्त. आज तिथल्या मुलींची संख्या तीस लाखांच्या पुढे आहे. मुलींना खेळाची आवडच नसते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आवड एका कलमाने पैदा होत नाही. मैदान होते.

तर अशा व्यवस्थेत लिसा १९९० ते १९९३ अशी चार वर्षे खेळल्या. पिचर म्हणून ९३ सामने जिंकले, ७ हरले. १९९० आणि १९९२ साली त्यांच्या विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९९१ आणि १९९३ साली अंतिम सामन्यात ॲरिझोना विद्यापीठाकडून हार झाली. १९९३ च्या हंगामात त्यांनी एक अजब गोष्ट केली. चेंडू टाकण्यात त्या देशात पहिल्या आल्या आणि बॅटिंगमध्येही देशात पहिल्या आल्या! त्या वर्षी सर्व खेळांतील विद्यापीठीय महिला खेळाडूंमधून एकीला देण्यात येणारा होंडा-ब्रॉडरिक कप त्यांना मिळाला. सॉफ्टबॉलच्या खेळाडूला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

हे वाचताना आम्हाला आपल्या बाळू पालवणकरांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. वाचकांना ते परिचित आहेतच. १८७६ साली धारवाडला जन्मलेले, चर्मकार समाजातले हे थोर डावखुरे गोलंदाज पुण्याच्या मैदानावर खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीला होते. सरावाच्या जाळ्यात ते इंग्रज अधिकाऱ्यांना तासन् तास चेंडू टाकत. पण त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते याने करावे. बॅट फिरवणे हा साहेबाचा मान! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद काही त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले. चेंडू टाकणाऱ्याच्या हाती बॅट देणे, आणि पुढे त्याच्याच हाती संघ देणे, या दोन गोष्टी दिसतात साध्या. पण माणसाला राबवून घेणे आणि माणसाला मोठे करणे यांतले अंतर त्यांत आहे. असो. मूळ विषयाकडे येऊ.

१९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल प्रथमच आला. अमेरिकेचा संघ इतका भारी, की सुवर्णपदक घरातच आहे असे सगळे धरून चालले होते. साखळीतला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पाचव्या इनिंगमध्ये अमेरिकेच्या एका खेळाडूने चेंडू कुंपणापार टोलवला. होमरन! धावत परत आली, मैत्रिणींनी घेरले, टाळ्या दिल्या-घेतल्या आणि त्या गर्दीत तिचा पाय घरच्या बेसला लागलाच नाही. ऑस्ट्रेलियाने अपील केले, पंचांनी तिला बाद दिले. ती एक धाव गेली. इकडे लिसा एकामागून एक फलंदाज बाद करत होत्या. सात इनिंग झाल्या, आठ झाल्या, नऊ झाल्या, ऑस्ट्रेलियाची एकही मुलगी पहिल्या बेसवर नाही. दहाव्या इनिंगमध्ये अमेरिकेने एक धाव केली. जादा इनिंगमध्ये निकाल लागावा म्हणून नियमाप्रमाणे एक धावपटू दुसऱ्या बेसवर उभीच केली जाते, तशी ऑस्ट्रेलियाचीही एक उभी होती. दोन गडी बाद झाले. आणि जोआन ब्राउन हिने लिसांचा चेंडू कुंपणाबाहेर मारला. दोन धावा. सामना गेला २-१.

नऊ इनिंग आणि दोन गडी इतका वेळ निर्दोष टाकून, चूक दुसरीची असताना, पराजय मात्र पिचरच्या खात्यावर लिहिला जातो. नोंदवहीत असाच नियम आहे. आम्हा हिशेबनिसांना हा नियम अन्यायाचा वाटतो, पण खेळाची वही आमच्या हातात नाही. चार दिवसांनी चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटच्या टप्प्यात लिसा चेंडू टाकायला आल्या आणि अमेरिकेने ३-१ असे सुवर्ण घेतले.

चार वर्षांनी सिडनीला तर याहून कठीण वेळ आली. शंभराहून अधिक सामने सलग जिंकून आलेला अमेरिकेचा संघ तिथे लागोपाठ तीन सामने हरला. जपान, चीन आणि पुन्हा ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाच्या सामन्यात लिसांनी पंचवीस फलंदाजांना निव्वळ स्ट्राइकवर बाद केले, म्हणजे त्यांना चेंडू खेळताच आला नाही. वर सांगितलेला एकवीसचा आकडा आठवावा. पूर्ण सामन्यात जेवढे गडी असतात त्याहून चार जास्त! पण सामना तेराव्या इनिंगपर्यंत लांबला आणि पेटा एडबोन हिने होमरन मारून तो २-१ असा नेला. पंचवीस बळी आणि हार.

त्यानंतर त्या खेळाडूंनी काय करावे? सगळ्या जणी अंगावरच्या गणवेशासकट न्हाणीघरात शिरल्या आणि फवाऱ्याखाली उभ्या राहिल्या. म्हणे दुर्दैव धुऊन काढायचे! आम्हाला असल्या गोष्टी पटत नाहीत आणि आपल्या वाचकांनाही पटणार नाहीत. पण रडत बसण्यापेक्षा एकमेकींच्या अंगावर पाणी उडवून हसणे बरे, एवढा त्यातला अर्थ घ्यायला हरकत नाही. दुर्दैव धुतले गेले की नाही कोण जाणे. मात्र पुढचे सामने त्यांनी जिंकले. जपानविरुद्धचा अंतिम सामना लिसांनी पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत एकटीने टाकला आणि आठव्या इनिंगमध्ये २-१ असा जिंकला.

२००४ च्या अथेन्सबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण एकतर्फी विजयात सांगण्यासारखे कमी असते. नऊपैकी नऊ सामने जिंकले, ५१ धावा केल्या, एकच धाव दिली. अंतिम सामन्याला चेंडू लिसांच्याच हाती होता. हे त्यांचे तिसरे सुवर्ण. आणि ऑलिम्पिकमधील बॅटिंगच्या सरासरीचा विक्रमही त्यांनी त्याच स्पर्धेत केला.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे. पुढे काय?

तीन सुवर्णपदके घेऊन बाई घरी बसल्या नाहीत, आणि कोणाच्या उंबरठ्यावर नोकरीसाठी अर्ज घेऊन उभ्याही राहिल्या नाहीत. ज्या विद्यापीठात खेळल्या त्याच विद्यापीठाच्या संघात त्यांनी १९९७ पासून, म्हणजे खेळत असतानाच, सहायक प्रशिक्षक म्हणून काम सुरू केले होते. डिसेंबर २००५ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्यानंतरही त्यांनी पुन्हा सराव धरला आणि २००८ च्या ऑलिम्पिकसाठी राखीव खेळाडूंत त्यांचे नाव आले. २००७ पासून त्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक केली इनोये-पेरेझ झाल्या. या केलीबाई कोण? लिसा विद्यापीठात चेंडू टाकत होत्या तेव्हा समोर बसून तो झेलणाऱ्या कॅचर! पिचर आणि कॅचर यांना एकमेकींचे मन बोटांच्या खुणांवरून कळावे लागते. वीस वर्षांपूर्वी खुणांनी बोलणाऱ्या या दोघी नंतर एकाच संघाच्या गुरू झाल्या. केलीबाईंच्या आधीच्या मुख्य प्रशिक्षक स्यू एन्क्विस्ट याही त्याच विद्यापीठाच्या जुन्या खेळाडू. म्हणजे या संघात शिकवणारीची जागा शिकून गेलेलीसाठी मोकळी असते.

प्रशिक्षकाचे काम बाहेरून दिसते तेवढे नसते. पिचर मुलीचा हात सुटतो कुठे, पाय घसरतो कसा, तिसऱ्या इनिंगनंतर दमून खांदा खाली येतो का, हे रोज पाहायचे. समोरच्या संघातल्या कोणत्या मुलीला कोणता चेंडू नको असतो याच्या नोंदी ठेवायच्या. हरल्यावर तिच्याशी काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हेही ठरवायचे. पंचवीस बळी घेऊन हरलेल्या बाईला हे शेवटचे काम कोणी वेगळे शिकवावे लागले नसेल, असे आम्हाला वाटते.

त्यांच्या हाताखालच्या पिचर मुलींत रेचल गार्सिया हे नाव ठळक आहे. २०१९ च्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत, ओक्लाहोमा सिटी येथे, वॉशिंग्टन विद्यापीठाशी उपांत्य सामना होता. रेचलने दहा इनिंग चेंडू टाकले, सोळा फलंदाज स्ट्राइकवर बाद केले, एकही धाव दिली नाही, आणि दहाव्या इनिंगमध्ये स्वतःच बॅट घेऊन तीन धावांचा होमरन मारून सामना संपवला. यूसीएलएने ते विजेतेपद घेतले. लिसांना १९९३ साली मिळालेला तो होंडा कप २०१९ साली रेचलला मिळाला. इथेही चेंडू आणि बॅट एकाच हातात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अमेरिका म्हणजे नंदनवन असा समज व्हायचा. इतका पराक्रम असूनही लिसा वर्षानुवर्षे सहायकच राहिल्या, हे वाचकांनी पाहिलेच असेल. आणि एक विचित्र गोष्ट अशी. १९७२ साली तिथल्या विद्यापीठांत मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत शंभरात नव्वदहून अधिक बायका होत्या. चाळीस वर्षांनी हा आकडा शंभरात त्रेचाळीसच्या आसपास आला! कारण उघड आहे. आधी ते काम बिनपगारी किंवा नाममात्र पगाराचे होते, तोवर बायकांनी करावे. कायद्याने संघांना पैसा मिळू लागला, चांगला पगार ठरला, तेव्हा त्या जागांवर पुरुष आले. कलमाने खेळणाऱ्या मुलीला मैदान दिले, पण शिकवणाऱ्या बाईची जागा राखली नाही.

फ्रेझनो येथील विद्यापीठाचे प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. मार्जी राइट या इलिनॉय स्टेट विद्यापीठाच्या जुन्या पिचर. १९८६ ते २०१२ त्या फ्रेझनोच्या सॉफ्टबॉल प्रशिक्षक होत्या. १९९८ साली त्यांच्या संघाने ॲरिझोनाला १-० असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. कारकिर्दीत १४०० हून अधिक सामने जिंकले. अशा बाईलासुद्धा मुलींच्या संघाला बरोबरीची वागणूक मिळावी म्हणून आपल्याच विद्यापीठाशी वर्षानुवर्षे भांडावे लागले. त्याच विद्यापीठातील इतर महिला प्रशिक्षक न्यायालयात गेल्या आणि २००७ साली ज्यूरीने त्यांना मोठमोठ्या रकमा देवविल्या. मार्जीबाईंशी विद्यापीठाने २००८ साली ६ लाख ५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. कायदा पुस्तकात असणे ही एक गोष्ट. तो मैदानावर उतरवायला अशी हट्टी माणसे लागतात.

आता आपल्या सोलापूरकडे वळू. इथल्या मुलीने लिसा फर्नांडिस व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही जागा मोजतो. आपल्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक हे एकच पद असते. त्या एका माणसाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे पाहायचे. सॉफ्टबॉलचा वेगळा प्रशिक्षक, त्यातही बाई, ही गोष्ट स्वप्नातली. एका महाविद्यालयात आम्ही परिचयातल्या एका मुलीच्या प्रवेशाच्या निमित्ताने सॉफ्टबॉलची चौकशी केली. उत्तर मिळाले, 'नऊ मुली जमल्या तर टीमचे नाव पाठवू.' शिकवणार कोण, हे विचारल्यावर लेखनिकाने आमच्याकडे असे पाहिले, की आम्ही वसतिगृहात हत्ती बांधायची परवानगी मागतो आहोत!

तरीही वाटा अगदीच बंद नाहीत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्तरावरची कोणती कामगिरी धरतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी कशी होते, हे पालकांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आधीच विचारून घ्यावे. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली आहे, म्हणून स्पर्धेचा प्रत्येक कागद जपून ठेवावा. दुसरी वाट शिकवण्याची. पदवीनंतर बी.पी.एड., पुढे एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट, या मार्गाने महाविद्यालयातल्या त्या एका पदापर्यंत जाता येते. खेळलेली मुलगी या मार्गाला लागली तर पुढच्या मुलींना शिकवणारी बाई मिळेल. आज आपल्या वस्तीत पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुली पुष्कळ आहेत. त्यांतल्या ज्या शाळेत सॉफ्टबॉल खेळल्या होत्या त्यांनी रविवारी दोन तास मैदानावर दिले, तरी शाळेतल्या पोरींना मोठा आधार होईल.

खेळाचे दिवसही आता बरे येत आहेत. २००५ साली ऑलिम्पिक समितीत सॉफ्टबॉलच्या बाजूने ५२ आणि विरुद्ध ५२ मते पडली, बहुमत झाले नाही म्हणून २००८ नंतर हा खेळ ऑलिम्पिकमधून गेला. टोकियोला २०२१ साली एकदाच परत आला. तेव्हा जपानने अमेरिकेला २-० असे हरवले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीची बैठक आपल्या मुंबईत भरली आणि तिथे २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉललाही मान्यता मिळाली. क्रिकेटची बातमी सगळीकडे छापून आली, शेजारची सॉफ्टबॉलची ओळ कोणी वाचली नाही.

ज्या घरी पिचर मुलगी आहे, त्यांनी घरचा सराव कसा घ्यावा हे सांगून लेख पुरा करतो. मोकळ्या भिंतीवर मुलीच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीचा आणि दीड फूट रुंदीचा चौकोन खडूने काढावा. आधी दहा-बारा फुटांवर उभे राहून हात न फिरवता नुसत्या मनगटाच्या झटक्याने चेंडू त्यात मारावा. तो नेमका बसू लागला की मागे सरकत जावे आणि हात पूर्ण फिरवावा. लहान मुलींना ४३ फुटांपर्यंत जायची घाई करू नये, त्यांच्या वयोगटाचे अंतर सरांना विचारून घ्यावे. टाकलेले चेंडू वहीत मोजून लिहावेत, कितींपैकी किती चौकोनात गेले तेही लिहावे. आणि खांदा पुढच्या बाजूने दुखू लागला तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद करावा. या खेळात पिचरचा खांदा पुढूनच आधी दुखावतो.